लपते की लपवते

१

उस्तादाचे पोट चुकांवर चालायचे, आणि ही गोष्ट तो स्वतःच छाती फुगवून सांगायचा. खुर्च्या-सोफ्यांच्या कडेने जे बारीक खिळे मारतात त्यांना चुका म्हणतात. जुन्या चुका जंबुराने उपटायच्या, फाटके कापड सोलायचे, आतला काथ्या पिंजून पुन्हा भरायचा, नवे कापड ताणून बसवायचे आणि नव्या चुका ठोकायच्या, असा त्याचा धंदा. बायको शाळेत इंग्रजी शिकवायची. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची, म्हणून घरात तोही बाईच म्हणायचा. "आम्ही दोघंही लोकांच्या चुका काढतो," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "तिच्या चुकांनी मार्क जातात, माझ्या चुकांनी बोट."

त्यांना एकच मुलगी, चौथीतली. तिचा आवाज असा की बारशाला आलेल्या आत्यानेच तिचे नाव टिटवी ठेवले होते, आणि पाळण्यातले नाव मग फक्त शाळेच्या दाखल्यावर उरले. हळू बोलणे तिला ठाऊकच नव्हते. ती आईच्या कानात गुपित सांगायची, तेही समोरच्या इस्त्रीवाल्याला ऐकू जायचे. बापाला ती अरे-तुरे करायची. "ए बाबा!" अशी हाक आली की उस्तादाच्या हातातली हातोडी एक क्षण थांबायची आणि तो उगाचच हसायचा.

पुढच्या लांबट खोलीत कारखाना, मागच्या दोन खोल्यांत घर, आणि मध्ये एक दार. शाळा सुटली की टिटवी दप्तर भिरकावून कारखान्यात यायची आणि चहा होईपर्यंत लपंडावाचा एक डाव व्हायचा. राज्य कायम उस्तादावर. तो भिंतीकडे तोंड करून आकडे मोजायचा, आणि ती फोमच्या गुंडाळीमागे नाहीतर कापायच्या टेबलाखाली दडी मारून फिदीफिदी हसत बसायची. उस्ताद मुद्दाम खोलीभर फिरायचा. डिंकाच्या डब्यात बघायचा, स्वतःच्या खिशात बघायचा, "काखेत कळसा आणि गावाला वळसा झाला की काय माझा?" म्हणून काख वर करून बघायचा. तिथे तिला हसू आवरायचे नाही. लपण्याच्या बाबतीत टिटवी अगदीच ढ होती, आणि बापाला त्याचे फार कौतुक होते.

एका सकाळी दातांचे डॉक्टर टेम्पोतून एक सोफा घेऊन आले. कुठल्याशा जुन्या घराचे सामान विकायला निघाले होते, त्यातून त्यांनी तो स्वस्तात उचलला होता. तिघे ऐसपैस बसतील एवढा, बसकट, रुंद हातांचा, आणि वरचे रेक्झिन तडकून त्याचे पापुद्रे सुटलेले.

"दवाखान्यात ठेवायचाय," डॉक्टर म्हणाले. "पेशंट बाहेर बसून घाबरतात. निदान बूड तरी सुखात असू दे."

"असा करून देतो, डॉक्टर, की माणूस दात काढायचं विसरून इथेच झोपेल," उस्ताद म्हणाला.

टेम्पोवाला आणि त्याचा भाऊ, दोघांनी मिळून तो आत आणला तेव्हा दोघांच्याही मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. उस्तादाने एका नजरेत ओळखले, सागवान. दुसरे काय असणार?

२

दुपारपर्यंत त्याने वरचे रेक्झिन सोलले. खाली हिरवी मखमल निघाली. आधीच्या कारागिराने जुने कापड न काढताच त्यावर नवे चढवले होते. अशा आळशीपणाचा उस्तादाला मनस्वी राग होता. तो त्या कारागिराच्या नावाने बोटे मोडणार तोच त्याला मखमलीवर खडूने लिहिलेला शब्द दिसला. इंग्रजी अक्षरे त्याला एकेक करून लागायची. एच, आय, डी, ई.

हाइड. त्याच्या चेहऱ्यावर हसू आले. त्याचे इंग्रजी कच्चे असले तरी हा शब्द त्याच्या घरचा होता. चामड्याच्या बाजारात अखंड कातड्याला हाइडच म्हणतात. कारागीर लोक सांगाड्यावर असे काहीबाही लिहून ठेवतातच: इथे कापूस, तिथे नवार, डावा हात सैल. इथे कुणीतरी लिहून ठेवले होते की ह्याला कातडे लावा.

त्याने लगेच डॉक्टरांना फोन लावला. "आतमध्ये लेदर लिहिलंय, डॉक्टर. जुन्या माणसांची आज्ञा आहे."

"तुम्ही रेक्झिनच लावा," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे येणाऱ्याचं सगळं लक्ष त्याच्या दाढेत असतं."

चार वाजता टिटवी आली. दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे. "ए बाबा, हा केवढा मोठ्ठा!" ती सोफ्यावर दोनदा उडी मारून ओरडली, आणि लगेच, "घे, राज्य घे!"

उस्तादाने भिंतीकडे तोंड केले. आकडे संपले. तो वळला, फोमच्या गुंडाळीकडे न बघता मुद्दाम डिंकाच्या डब्यात डोकावला, आणि हसण्याची वाट बघत राहिला. हसणे आले नाही. मग त्याने गुंडाळीमागे खरोखरच बघितले. टेबलाखाली बघितले. दारामागे, गोणपाटाच्या ढिगात, सोफ्याच्या मागे. कारखाना होता तरी केवढा! सगळीकडे बघून झाल्यावर त्याला एकदम शांततेची जाणीव झाली. ह्या वेळेला इतकी शांतता त्याने ह्या खोलीत कधी ऐकली नव्हती.

"हरलो बाई, हरलो!" तो मोठ्याने म्हणाला. "ये बाहेर."

थोडा वेळ काहीच झाले नाही. मग ती मागे उभी होती. कुठून आली ते त्याला दिसले नाही. केसात काथ्याचे दोन धागे अडकले होते.

"सापडले नाही ना तुम्हाला?" ती म्हणाली.

तिने तुम्हाला म्हटले, हे त्याला आधी ऐकू आले आणि मग कळले. पायाला नवा बूट लागावा तसे ते त्याला लागले. पण मुलगी मोठी होतेय, शाळेत वळण लागतेय, असा विचार करून तो मनात सुखावला. "वा गं पठ्ठे!" म्हणून त्याने तिच्या पाठीवर थाप मारली, आणि चहाच्या वेळी बाईला तिखटमीठ लावून सगळी हकीगत सांगितली.

३

मखमलीच्या चुका काढायला पुढचे दोन दिवस गेले, कारण मध्ये दुसरी कामे होती. मखमल निघाली तर खाली जाड खाकी कापड. त्यावर पुन्हा तोच शब्द. ह्या वेळी सुताराच्या पेन्सिलीने, आणि अक्षर निराळे. घाईघाईने खरडलेले.

बाई चहाचा कप घेऊन आली तेव्हा उस्ताद कमरेवर हात ठेवून त्या शब्दाकडे बघत होता. टिटवी स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, पाय जुळवून.

"काय ही माणसं," उस्ताद म्हणाला. "एकामागून एक सगळे लिहितात कातडं लावा, आणि लावत कुणीच नाही. आळशी लेकाचे."

"कातडं कशावरून?" बाईने वाकून वाचले. "हाइड म्हणजे लपणंसुद्धा."

"आता एक शब्द दोन पाळ्या कशाला करील?"

बाईला हेच हवे होते. ती आतून तिचा जाडजूड शब्दकोश घेऊन आली. उस्ताद एरवी डिंक लावलेला फोम दाबायला तो वापरायचा, ह्यावरून त्यांची महिन्यातून एकदा तरी जुंपायची. पुठ्ठ्यावरचा डिंकाचा ओघळ तिने नवऱ्याला मुद्दाम दाखवला आणि पान काढले.

"हे बघा. कातडं आणि लपणं, दोन्ही शब्द फार जुने, आणि दोन्ही शेवटी एकाच मुळाशी जातात असं म्हणतात. मूळ अर्थ झाकणं. कातडं अंगाला झाकतं, लपणारा स्वतःला झाकतो."

"म्हणजे मी म्हटलं तेच. झाका."

"थांबा हो. तिसराही आहे. जुन्या काळी तिकडे एका कुटुंबाचं भागेल एवढ्या जमिनीलाही हाइड म्हणायचे. पण तो शब्द निराळ्या घरातला. नुसतं रूप सारखं."

"जुळा दिसतो पण जुळा नाही," उस्ताद म्हणाला. "मग इथे त्यातला कुठला?"

"ते कसं सांगणार? नुसता एक शब्द लिहून ठेवलाय. आपल्याकडे कसं, लप म्हटलं की लहानाला, लपा म्हटलं की मोठ्याला नाहीतर सगळ्यांना, आणि लपव म्हटलं की दुसऱ्या कशाला तरी. एका अक्षरात कळतं कुणी काय करायचं ते. इंग्रजीत सगळ्यांना एकच डगला. कोण लपणार, कोण लपवणार, काही पत्ता लागत नाही."

"कारागिराने सोफ्यावर लिहिलंय, तेव्हा झाका असंच असणार," उस्ताद म्हणाला. "आणि झाकण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय." त्याने चहाचा घोट घेतला. विषय त्याच्यापुरता मिटला होता.

बाईने शब्दकोश मिटून मुलीकडे बघितले. "आणि तू गं? तूही सध्या लपण्यात पटाईत झालीयस म्हणे. बाबा रोज हरतात. कुठे लपतेस एवढी?"

"मी लपत नाही," टिटवी म्हणाली. "लपवते."

"लपते," बाई म्हणाली.

"लपवते."

"हे बघ, बाळा. आपण स्वतः दडून बसलो तर लपते. दुसऱ्या कुणाला दडवलं तर लपवते. तू काय करतेस?"

मुलीने आईकडे नीट बघितले, जसे एखादे शहाणे मूल हट्टी मुलाकडे बघते. "लपवते," ती पुन्हा म्हणाली.

बाईने उस्तादाकडे बघून मान हलवली. "माझीच चूक. आत्ताच इंग्रजीचं पुराण लावलं ना, तिच्या डोक्यात दोन्हींची खिचडी झाली. उद्या दहा वाक्यं लिहून घेते तिच्याकडून."

दुसऱ्या दिवशी तिने खरेच दहा वाक्ये लिहून घेतली. मुलीने ती सुरेख अक्षरात लिहिली. सगळी बरोबर.

४

घरात एक नवे सुख आले होते आणि ते कुणी नाकारत नव्हते. सकाळी आरडाओरडा नाही, वेणी घालताना किंचाळणे नाही, ताटात काही टाकणे नाही. वर्गशिक्षिकेने बाईंना मुद्दाम थांबवून सांगितले की मुलगी फार सुधारली, काय केलंत? इस्त्रीवालाही एकदा विचारून गेला, "टिटवी गावाला गेली का?" उस्तादाने त्याला हसून दाखवले, "ही काय, मागे उभी आहे." इस्त्रीवाल्याने बघितले, "अरे हो की," म्हटले, आणि का कोण जाणे, गप्पा न मारताच तो परत गेला.

उस्तादाला मात्र ती "ए बाबा" ची हाक हवी होती. हे त्याने कुणाला सांगितले नाही. पोर शहाणी झाली म्हणून बापाने तोंड पाडायचे म्हणजे फारच झाले. तो रोज राज्य घ्यायचा, रोज सगळा कारखाना पालथा घालायचा आणि रोज हरायचा. पहिल्यासारखा काखेत बघण्याचा विनोद त्याने एकदा करून बघितला. कुणी हसले नाही. रिकाम्या खोलीत एकटाच काख वर करून उभा राहिलेला माणूस किती मूर्ख दिसत असेल, हे त्याला तेव्हा कळले.

खाकी कापडाखाली एक फुलाफुलांचे सुती कापड निघाले, त्यावर तोच शब्द, ह्या वेळी अक्षरे इतकी बारीक की लिहिणाऱ्याला कुणी बघू नये असे वाटत असावे. आणि त्याच्याही खाली, सगळ्यात आत, कातडे होते.

त्यावर काही लिहिलेले नव्हते. तांबूस, मऊ, एक भेग नाही. इतकी वर्षे झाकलेले कातडे कडक व्हायला हवे, त्याला कुबट वास यायला हवा. ह्यावर उस्तादाने तळहात ठेवला तर ते कोमट होते. खिडकीतून ऊन येतेय, तो म्हणाला. ऊन त्या बाजूला नव्हते, पण दिवसभरात कधीतरी आले असेल.

त्याने शिवण तपासली. बारीक, एकसारखी, मायेने घातलेली. फक्त तिची गाठ सापडेना. सोफा शिवणाऱ्याचा हात बाहेर असतो, म्हणून शेवटची गाठही बाहेरच पडते. मग ती कडेखाली सारायची. उस्तादाने कड न कड चाचपली. गाठ कुठेच नव्हती. शेवटचा टाका आत गेला होता आणि तिथेच कुणीतरी तो बांधून टाकला होता. कसबी माणूस असणार, उस्ताद म्हणाला. गाठसुद्धा लपवली लेकाच्याने.

आणखी एक गोष्ट. बैठक आणि पाठ ह्यांच्यामधल्या फटीत हात घालणे हा ह्या धंद्यातला एक हक्काचा आनंद असतो. नाणी, कंगवे, पेनांची टोपणे, कधी एखादे कानातले. हा सोफा तर पाच थरांचा, म्हणजे किती माणसे त्यावर बसून गेली असतील. उस्तादाने फटीत बोटे फिरवली तर आत एक दाणा नाही, एक केस नाही, धूळसुद्धा नाही. कुणीतरी रोज आतून पुसून घेत असावे इतके स्वच्छ. तो हात आणखी आत घालत गेला, मनगटापर्यंत, मग त्याच्याही पुढे, आणि त्याला वाटले की एवढ्यात मागची फळी लागायला हवी होती.

तेव्हा आत कशाने तरी त्याचे बोट धरले.

त्याने हिसडा मारून हात बाहेर ओढला आणि दोन पावले मागे सरकला. बोटाला काही झाले नव्हते, ना ओरखडा, ना रक्त. स्प्रिंग, तो मोठ्याने म्हणाला. जुनी स्प्रिंग सुटते आणि बोट पकडते. त्याच्या वडिलांचे नख असेच गेले होते. हे सगळे खरे होते. तरी स्प्रिंग गार असते, आणि हे धरणे गार नव्हते, एवढे त्याला आठवत राहिले. बोट त्याने बराच वेळ दुसऱ्या मुठीत धरून ठेवले.

त्या रात्री जेवताना त्याने मुलीला सहज म्हटले, "टिटवे, एकदा जोरात ओरडून दाखव ना. पूर्वीसारखी."

"पूर्वीसारखी म्हणजे कशी?" तिने विचारले.

"अहो, काय हे?" बाई म्हणाली. "सुखाचा जीव दुःखात कशाला घालताय?"

५

रविवारी सकाळी त्याने नवे रेक्झिन चढवायला घेतले. डॉक्टर संध्याकाळी सोफा न्यायला येणार होते. कातडे शाबूत होते, तेव्हा त्याला हात लावायचा नाही, वरून पातळ फोम आणि त्यावर रेक्झिन, असे त्याने ठरवले. आत स्वयंपाकघरात बाई भांडी घासत होती आणि मुलगी तिला पुसून देत होती. नळाचा आवाज येत होता. सगळे कसे जागच्या जागी होते.

त्याने कड ताणली, तोंडातली चूक ओठांवर आणली आणि हातोडी मारली. ठक. आतून ठक असा आवाज आला.

पोकळ सांगाडा, घुमतो, तो म्हणाला. दुसरी चूक. ठक, आणि आतून ठक. तिसरी. पुन्हा तेच. ठोका आणि त्याचा घुमारा, ह्यात नवल काय? शाळेच्या मोकळ्या वर्गातही असेच होते. त्याने चौथी चूक लावली, हातोडी उचलली, आणि हातोडी वर असतानाच आतून ठक झाले.

उस्ताद तसाच थांबला. हातोडी खांद्याशी. आतून पुन्हा ठक. मग ठक-ठक-ठक, भराभर, कसेही, दार उघडत नाही म्हणून लहान मूल दोन्ही हातांनी बडवते तसे.

घुमारा ठोक्याच्या आधी येत नसतो. इतके दिवस त्याच्याजवळ प्रत्येक गोष्टीला एक उत्तर तयार होते. आता ती सगळी उत्तरे एकदमच निकामी झाली, आणि त्यांच्यामागे काय उभे होते ते त्याला दिसले. ती तुम्ही म्हणाली होती. ती लपवते म्हणाली होती. तिने तीनदा सांगितले होते, आणि घरातल्या दोन शहाण्या माणसांनी तिची चूक काढली होती.

त्याने धारदार सुरी घेतली, रेक्झिन ओरबाडून काढले, फोम फेकला. कातड्याच्या मधोमध सुरीचे टोक टेकवले आणि अगदी वरवर, आत कुणाला लागू नये अशा बेताने, वीतभर चीर दिली. कातडे सहज फाकले. आतून उबदार वारा आला.

"ए बाबा!"

घसा बसलेला, घोगरा, पण तोच. समोरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत पोचणारा. उस्तादाच्या डोळ्यांना धार लागली.

"टिटवे! अगं सोन्या!"

"किती वेळ लावलास रे बाबा! मी हरले, हरले म्हणून कधीची ओरडतेय. तू रोज शोधतोस आणि रोज तिलाच हरलो म्हणतोस. मी तुझं बोट धरलं तर तू हात काढून घेतलास."

"चुकलो, बाळा. चुकलो गं. आता नाही सोडत." त्याने हात कोपरापर्यंत आत घातला आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला. तिची बोटे त्याने एकेक करून चाचपली. होती, सगळी होती. तो चिरेला डोळा लावून बघू लागला. आत स्प्रिंगा नव्हत्या, काथ्या नव्हता, मागची फळी नव्हती. तेच तांबूस कातडे सगळीकडून वळत आत गेले होते, सोफ्यात मावणार नाही इतके आत, आणि मध्ये घासूनपुसून ठेवलेली मोकळी जागा होती. कुणीतरी राहायला येणार असावे अशी. टिटवीचा चेहरा त्याला अर्धाच दिसला, एक डोळा आणि कपाळावरची बट.

"ओढ ना मला," ती म्हणाली.

त्याने ओढायला घेतले तेव्हा चिरेच्या दोन्ही कडा त्याच्या हाताभोवती हळूहळू जवळ येऊ लागल्या. पांघरूण ओढून घेतात तितक्या शांतपणे. त्याने दुसऱ्या हाताने कड धरून फाकवली, पण मग ओढायला जोर पुरेना. हे एकट्याचे काम नव्हते. चीर धरायला एक आणि ओढायला एक, दोन माणसे हवी होती. तेवढेच हवे होते. मग पोर बाहेर, आणि सोफा रॉकेल ओतून गल्लीच्या तोंडाशी. उस्तादाला एकदम दहा हत्तींचे बळ आले.

"बाई!" त्याने जिवाच्या आकांताने हाक मारली. "आहे तशी ये! हातातलं टाक आणि इकडे ये! लवकर!"

स्वयंपाकघरात एक भांडे खाली पडून गरगर फिरले आणि थांबले. नळ बंद झाला. मग तो दुसरा आवाज आला, हळू, आदबशीर, गेले कित्येक दिवस ज्याचे घरीदारी कौतुक चालले होते तो.

"आई येतेय हं, बाबा."

उस्तादाने मान वळवून मधल्या दाराकडे डोळे लावले. दार उघडेच होते. पलीकडे ओली फरशी दिसत होती, तिच्यावर खिडकीचे ऊन पडले होते, आणि तिथून कुणीही येत नव्हते. त्याच्या मुठीतल्या बोटांनी एकदम आनंदाने उसळी घेतली.

"ए बाबा," टिटवी आतून ओरडली, "आई आली!"